मिरीचं पिल्लू, मोहरीचं पिल्लू

पिल्लू बघायला आलेल्या कुटुंबाचा पहिला गोंधळ बहुधा रंगावरून होतो. कागदावर लिहिलेलं असतं ‘मिरी’, आणि लाकडी चौकटीत आईच्या कुशीत लुचणारं पिल्लू असतं चक्क काळं. पंजे तेवढे तांबूस. शेजारचं भावंड ‘मोहरी’ म्हणून नोंदलेलं, पण तेही गडद तपकिरी, पाठीवर काजळाचा हात फिरवल्यासारखी झाक. फोटोत पाहिलेला तो बुटका, लांबुडका, राखाडी अंगाचा आणि डोक्यावर सावरीच्या कापसासारखा झुबका मिरवणारा कुत्रा काही तिथे दिसत नाही. मग ब्रीडर आईकडे बोट दाखवते: ती पाहा, वर्षा-दीड वर्षाने हा असा दिसेल.

आणि तसं खरोखर होतं. काळ्या पिल्लाचं अंग महिन्यागणिक निवळत जातं, निळसर काळ्यापासून रुपेरी राखाडीपर्यंतच्या कुठल्या तरी छटेवर स्थिरावतं. तपकिरी पिल्लू तांबूस किंवा फिकट पिवळसर होतं. कपाळावरचे केस मऊ, रेशमी आणि पांढरट होऊन वर उभे राहतात. या जातीत रंग दोनच, मिरी आणि मोहरी. मसाल्याच्या डब्यातली ही नावं दोनशे वर्षांहून जुनी आहेत, आणि ती ठेवली एका मेंढपाळ शेतकऱ्याने.

कुत्र्याचं नाव डँडी डिनमाँट टेरिअर. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवरचा डोंगराळ, ओढ्यानाल्यांचा मुलूख हे त्याचं मूळ गाव. खांद्यापाशी उंची जेमतेम २० ते २८ सेंटिमीटर, वजन आठ ते अकरा किलो. मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित लांब, त्यामुळे कमरेपाशी पाठीला हलकी कमान येते. शेपूट विळ्यासारखी वळलेली, कान खाली लोंबणारे, आणि डोळे मोठे, गडद, माणसासारखे रोखून पाहणारे. अंगात सरळ रेषा म्हणून कुठे नाही. आवाज मात्र या देहाला न शोभणारा, खर्जातला. दाराआडून ऐकणाऱ्याला वाटावं, आत केवढा थोरला कुत्रा बांधलेला आहे.

आज हे कुत्रं त्याच्या स्वतःच्या देशातही दुर्मिळ झालं आहे. ब्रिटनच्या केनेल क्लबने धोक्यातल्या देशी जातींची एक यादी केली आहे. वर्षाला तीनशेपेक्षा कमी पिल्लांची नोंद होते त्या जाती या यादीत येतात. डँडी या यादीत वर्षानुवर्षं आहे, आणि त्याची वार्षिक नोंद तीनशेच्या आसपासही फिरकत नाही; शंभराच्या घरात घोटाळते. तुलनेला फ्रेंच बुलडॉग घ्यावा. २०१८ साली एकट्या ब्रिटनमध्ये त्याची छत्तीस हजारांहून अधिक पिल्लं नोंदली गेली. हा तर मूळचा परका कुत्रा. लोकांच्या नजरेत तो भरला, जाहिरातींत दिसला, नटनट्यांच्या कडेवर बसला. डँडी आपल्या डोंगरात मागे राहिला.

मागे राहण्याची कारणं समजून घ्यायची तर तो पुढे कसा आला हे आधी पाहायला हवं.

अठराव्या शतकात या सरहद्दीच्या मुलखात फिरस्ते लोक, सनई-पिपाणीवाले, तांबट, शिकारी आणि मेंढपाळ सगळेच खरखरीत केसांचे बुटके टेरिअर बाळगत. बिळात शिरून कोल्ह्याला, बॅजरला आणि नदीकाठच्या पाणमांजराला भिडायचं हे त्यांचं काम. अशाच एका फिरस्त्या वादकाची, पायपर ॲलनची, गोष्ट तिकडे अजून सांगतात. त्याच्या हिचेम नावाच्या कुत्र्यावर एका उमरावाचं मन बसलं आणि त्याने मोबदल्यात चक्क शेतजमीन देऊ केली. ॲलनने नकार दिला. वादकाला शेत घेऊन काय करायचंय, असं त्याचं म्हणणं. गोष्टीला तोंडोतोंडी किती पदर जोडले गेले असतील कोण जाणे, पण त्या मुलखात चांगल्या टेरिअरची किंमत काय होती हे तिच्यातून नीट कळतं.

मग १८१५ साली एक कादंबरी आली. सर वॉल्टर स्कॉटची ‘गाय मॅनरिंग’. तिच्यात लिड्सडेल खोऱ्यातला एक दिलदार, धिप्पाड शेतकरी आहे, डँडी डिनमाँट. डँडी हे अँड्र्यूचं घरगुती रूप. पांडुरंगाचा पांडू व्हावा तसं. या शेतकऱ्याच्या अंगणात टेरिअर कुत्र्यांचा सुळसुळाट आहे आणि सगळ्यांची नावं दोनच: पेपर, म्हणजे मिरी, नाही तर मस्टर्ड, म्हणजे मोहरी. थोरला पेपर, तरणा पेपर, धाकटा पेपर. थोरली मस्टर्ड, तरणी मस्टर्ड, धाकटी मस्टर्ड. नावं दोन, कुत्री सहा.

कादंबरी हातोहात खपली आणि सरहद्दीकडच्या वाचकांनी लगेच ओळखलं की हा तर हिंडलीचा जेम्स डेव्हिडसन! जेडबरा गावाजवळच्या हिंडली या शेतावर राहणाऱ्या डेव्हिडसनकडे असेच टेरिअर होते आणि तोही सगळ्यांना याच दोन नावांनी हाक मारी. गंमत अशी की कादंबरी लिहिली तेव्हा स्कॉट या माणसाला भेटलेलाही नव्हता. नावांची ही तऱ्हा तेवढी त्याच्या कानावर आली होती. पण लोकांनी डेव्हिडसनलाच डँडी डिनमाँट म्हणायला सुरुवात केली, आणि १८२० साली तो वारला तोवर त्याची कुत्री ‘डँडी डिनमाँटची कुत्री’ म्हणून दूरवर ठाऊक झाली होती. पुढे षष्ठीचा प्रत्यय गळाला आणि शेतकऱ्याचं नाव कुत्र्याचंच होऊन बसलं. कादंबरीतल्या पात्रावरून नाव पडलेली कुत्र्यांची ही एकमेव जात मानली जाते. स्कॉटने स्वतःही हे टेरिअर पाळले, आणि नावं ठेवताना मसाल्याचा डबा पुढे चालू ठेवला: जिंजर, स्पाइस, केचप, सॉय.

सेलकर्क हे त्याच भागातलं छोटं गाव. स्कॉट या परगण्याचा शेरीफ होता, म्हणजे न्यायदानाचं काम पाहत होता. गावालगत तळ्याकाठी ‘द हेनिंग’ नावाची जुनी हवेली आहे आणि तिच्या आवारात कुत्र्यांची दगडी घरं. तिथे ४ जून १८४२ रोजी ओल्ड जिंजर नावाचा नर जन्मला. आज जगात जितके नोंदणीकृत डँडी आहेत त्या सगळ्यांची वंशावळ मागे मागे नेली की या ओल्ड जिंजरपाशी येऊन मिळते. एखाद्या जातीचा मूळपुरुष नावानिशी, जन्मतारखेनिशी आणि जन्माच्या खोलीनिशी दाखवता यावा, असं क्वचित घडतं. याच सेलकर्कमधल्या फ्लीस हॉटेलात १७ नोव्हेंबर १८७५ रोजी डँडी डिनमाँट टेरिअर क्लब स्थापन झाला. खुद्द केनेल क्लब तेव्हा अवघ्या दोन वर्षांचा होता. एका जातीसाठी निघालेल्या जगातल्या सर्वांत जुन्या क्लबांपैकी हा एक.

एवढा मान असून उतरती कळा लागली ती आधी कामापासून. बॅजर आणि पाणमांजर या दोघांनाही आज ब्रिटनमध्ये कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असायलाच हवं. कुत्र्यांच्या झुंडी लावून करायची शिकार स्कॉटलंडमध्ये २००२ साली आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झाली. शेतकऱ्याला बिळात शिरणाऱ्या कुत्र्याची गरज त्याच्याही कितीतरी आधी संपत आली होती. दुसरा घाव दुसऱ्या महायुद्धाचा. अन्नधान्याचं रेशनिंग इतकं कडक होतं की मोठ्या पैदासकेंद्रांना आपली बरीचशी कुत्री मारून टाकावी लागली. ज्यांनी ती स्वतः जन्माला घातली आणि वाढवली त्यांच्यावर ही वेळ आली, हे वाचतानाही घशात आवंढा येतो. युद्धानंतर वंश पुन्हा उभा करायला बेलमीड या केनेलमधली कुत्री कामी आली. बेलमीडची ओल्ड विंडसरमधली जागा पुढे बॅटरसी या संस्थेकडे गेली आणि आज तिथे बेघर कुत्र्यामांजरांना आसरा मिळतो.

काम संपलेल्या कुत्र्याला टिकायला एकच जागा उरते: माणसांचं घर. डँडीचं भवितव्य म्हणूनच प्रदर्शनातल्या चषकांइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, साध्या कुटुंबांच्या हातात आहे. आणि घरात तो राहतो कसा, हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरतो.

टेरिअर म्हटलं की सतत भुंकणारा, पायात घोटाळणारा, क्षणभर स्वस्थ न बसणारा जीव डोळ्यांपुढे येतो. डँडी त्यातला त्यात शांत. बाहेर फिरून आला की सोफ्याच्या पायथ्याशी तासन् तास पडून राहील. मुलांशी प्रेमाने वागतो, घरच्यांना धरून असतो, अनोळखी माणसाला आधी नीट न्याहाळतो आणि मगच जवळ जाऊ देतो. फ्लॅटमध्येही तो सुखाने राहू शकतो, रोजचं चालणं मात्र चुकता कामा नये. कुणी पाठीमागे लागलेलं त्याला आवडत नाही. हाक मारली की धावत येणाऱ्या लॅब्रॅडॉरची सवय असलेल्या घराला डँडी पहिले काही महिने बहिरा वाटतो. तो ऐकतो, पण ऐकल्यावर विचार करतो. रागावून, आवाज चढवून काही साधत नाही. खाऊचा तुकडा, थोडक्या वेळाचा सराव आणि घरातल्या सगळ्यांचा एकच नियम, एवढ्यावर त्याचं शिक्षण नीट होतं.

टेरिअरचं रक्त अधूनमधून उसळतंच. बागेतल्या वाफ्यात तो खड्डा खणेल. खार दिसली की पट्ट्याला हिसका देईल. घरातल्या मांजरीबरोबर लहानपणापासून वाढला तर तिच्या शेजारी झोपेल, पण शेजाऱ्याच्या सशाचा भरवसा कुणी देऊ नये. मेंढ्यांच्या कुरणाजवळ तर त्याला मोकळं सोडायचंच नाही. स्वतःहून तो भांडण उकरून काढत नाही. दुसऱ्या कुत्र्याने काढलं तर मात्र माघार घेणं त्याच्या स्वभावात नाही. अशा वेळी आपली उंची त्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून ती मालकाने लक्षात ठेवायची.

आता खरेदी. हा शब्दच इथे अपुरा पडतो. लोकप्रिय जातीचं पिल्लू हवं असेल तर जाहिराती पाहून आठवड्याभरात मिळू शकतं. डँडीच्या बाबतीत वर्षभरात सबंध देशात जेमतेम काही वेतं होतात आणि एका वेतात साधारण तीन ते सहा पिल्लं. त्यातलं एखादं ब्रीडर स्वतः ठेवते, एखादं दुसऱ्या ब्रीडरला आधीच कबूल केलेलं असतं. त्यामुळे रांगेत नाव घालायचं आणि थांबायचं. कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त.

थांबण्याचा हा काळ वाया जात नाही, उलट याच काळात खरी निवड होते, आणि ती दोन्ही बाजूंनी. पहिला फोन जातीच्या क्लबला करावा. कुणाकडे वेत अपेक्षित आहे, कुणी आई-बापाच्या तपासण्या करून घेतल्या आहेत, हे तिथे ठाऊक असतं. मग प्रदर्शनाला किंवा क्लबच्या मेळाव्याला जाऊन मोठी, वयात आलेली कुत्री हाताळून पाहावीत. पिल्लाच्या मोहात पडलेल्याला आपण दहा-बारा वर्षं मोठ्या कुत्र्याबरोबर काढणार आहोत याचा विसर पडतो. दहा किलोंचा डँडी एकदा उचलून पाहिला, त्याचं भुंकणं बंद खोलीत एकदा ऐकलं, की मोह आहे की खरी ओढ हे ज्याचं त्याला कळतं.

ब्रीडरचे प्रश्न ऐकून काही जणांना राग येतो. घरी दिवसा कोण असतं? कुंपण किती उंच, खालून फट आहे का? जिने किती? मुलं केवढी? याआधीचा कुत्रा कशाने गेला? पैसे देऊन घ्यायचं आणि वर मुलाखत द्यायची, असं वाटतं खरं. पण दहा प्रश्न विचारणारी ब्रीडरच शोधायला हवी. जी फक्त पैसे कधी देता एवढंच विचारते तिच्यापासून चार हात लांब राहावं. मुलगी द्यायची तर घर पाहूनच देतात, आणि चांगला ब्रीडर पिल्लाकडे त्याच नजरेने पाहतो.

कायदाही आता घेणाऱ्याच्या बाजूने उभा आहे. २०१३ साली वेल्समधल्या एका पैदासखान्यातून ल्यूसी नावाची कॅव्हेलिअर स्पॅनिअल कुत्री सोडवली गेली. सतत वेतांसाठी वापरल्याने तिची हाडं, कातडी, सगळंच खंगलं होतं. तिच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लागू झाला आणि पुढच्या वर्षी वेल्स व स्कॉटलंडमध्येही तसेच नियम आले. सहा महिन्यांखालचं पिल्लू दुकानदाराला किंवा दलालाला विकताच येत नाही. ते घ्यायचं तर थेट ज्याने पैदास केली त्याच्याकडून, नाही तर आसरा देणाऱ्या संस्थेकडून. पिल्लू जिथे जन्मलं तिथेच, आईसोबत दाखवावं लागतं. आठ आठवडे पुरे होण्याआधी ते देता येत नाही, आणि तोवर त्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवलेली असते.

तरीही फसवणूक होते, आणि दुर्मिळ जातीत तिला जागा जास्त. माणूस वर्षभर वाट पाहून थकलेला असतो आणि अचानक इंटरनेटवर जाहिरात दिसते: डँडीची तीन पिल्लं, लगेच मिळतील, आज बयाणा पाठवा. फोटो दुसऱ्याच कुणाच्या संकेतस्थळावरून उचललेले. भेटायला येतो म्हटलं की घरी आजारपण आहे, आम्हीच वाटेत आणून देतो, असं उत्तर. गाडीतळावर, पेट्रोल पंपावर पिल्लू हातात ठेवणारा माणूस भेटला की पाकीट खिशातच राहू द्यावं आणि परत फिरावं. एकाच पत्त्यावर पाच-सहा फॅशनेबल जातींची पिल्लं आणि त्यातच एक ‘दुर्मिळ टेरिअर’ दिसला तरी तेच. शंभराच्या घरात पिल्लं जन्मणाऱ्या जातीत सगळे ब्रीडर एकमेकांना नावाने ओळखतात. क्लबला एक फोन केला की जाहिरात खरी की खोटी हे बहुतेक वेळा तिथल्या तिथे कळतं.

कागद कोणते मागायचे? केनेल क्लबची नोंदणी आणि वंशावळ, लसीकरण आणि जंताच्या औषधाची नोंद, मायक्रोचिपचा क्रमांक, आई-बापाच्या डोळ्यांच्या तपासणीचा दाखला. या शेवटच्या कागदाला डँडीत विशेष महत्त्व आहे, कारण या जातीत काचबिंदू आढळतो. डोळ्यातल्या द्रवाची वाट अरुंद असेल तर पुढे दाब वाढून दृष्टी जाऊ शकते, आणि पशुवैद्यकातले नेत्रतज्ज्ञ खास भिंगाने ही वाट तपासू शकतात. घेतल्यानंतरही मालकाने जागं राहायचं. डोळा लाल दिसला, धुरकटला, कुत्रा तो डोळा मिटून घेऊ लागला तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. काचबिंदूत दृष्टी कधी कधी काही तासांत जाते.

दुसरं दुखणं पाठीचं. लांब पाठ आणि आखूड पाय हे डँडीचं रूप, आणि तेच त्याचं दुबळं अंगही. मणक्यांमधली चकती सरकली तर वेदना होतात, मागचे पाय लटके पडतात, कधी शस्त्रक्रियेची वेळ येते. यावरचे उपाय मात्र औषधाच्या दुकानात नाहीत, घरातच आहेत. पिल्लू घरी येताच सगळ्यांनी त्याला उचलायचं कसं हे आधी शिकायचं: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी ठेवून. काखेत धरून लोंबतं उचलायचं नाही. जिन्याच्या तोंडाशी लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावायचं. सोफ्यावर चढायची सवय लावली तर शेजारी पायरी किंवा उतरण ठेवायची, कारण चढण्यापेक्षा खाली मारलेली उडी पाठीला जास्त महाग पडते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस बरा. आणि वजन! आजीने ताटातला घास दिला, मुलांनी बिस्किटं दिली, की बुटक्या कुत्र्याची कंबर बघता बघता दिसेनाशी होते आणि तो सगळा भार त्या लांब पाठीवर पडतो. थायरॉईडच्या तक्रारीही या जातीत दिसतात, त्यामुळे खाणं मोजूनही वजन वाढत असेल तर रक्त तपासून घ्यावं.

केसांचं काम नवख्याला सगळ्यात अवघड वाटतं. डँडीच्या अंगावर दोन तऱ्हेचे केस मिसळून असतात: खाली मऊ, वर खरखरीत. हाताने चाचपलं तर कुरकुरीत लागतात. या मिश्रणामुळे पाठीवर शिसपेन्सिलीने रेघा ओढल्यासारखा रंग दिसतो. आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश फिरवला तर गुंता होत नाही. पण वर्षातून दोन-तीन वेळा जुने, मेलेले केस उपटून काढावे लागतात. यंत्र फिरवून भादरायचे नाहीत. नवे खरखरीत केस यायला जुने मुळापासून निघावे लागतात. भादरले तर मऊ केसच वर येतात, रंग फिका पडतो आणि पाणी-चिखल झटकून टाकायचा त्या अंगाचा गुण जातो. उपटायचे म्हणजे चिमटीत थोडेसेच केस धरून, ज्या दिशेने वाढले त्याच दिशेने हलकेच ओढायचे. केस पिकलेले असले तर सहज हाताशी येतात आणि कुत्रा टेबलावर पेंगतो. ही कला ब्रीडरकडून शिकून घेता येते, आणि चांगली ब्रीडर पहिल्या वेळी मालकाला शेजारी बसवून शिकवते.

खर्चाचं बोलायचं तर चांगल्या घरातलं पिल्लू ब्रिटनमध्ये हजार पौंडांच्या पुढेच जातं. ते एकदाचं. विमा, लसी, दात, डोळ्यांच्या तपासण्या आणि सुट्टीवर जाताना कुत्र्याची सोय, हे दरवर्षीचं. ज्यांना पिल्लाचा व्याप झेपणार नाही त्यांच्यासाठी एक वाट क्वचित उघडते. म्हातारा मालक वारतो, कुणाचं घर मोडतं, आणि चार-पाच वर्षांचा डँडी नव्या घराच्या शोधात येतो. जातीचे क्लब अशा कुत्र्यांची नावं ठेवतात. पन्नाशी उलटलेल्या जोडप्याला तर असा शांत, शिकलेला कुत्रा पिल्लापेक्षा कितीतरी सोयीचा.

पिल्लाबरोबर येणाऱ्या नोंदणीपत्रावर अनेकदा दोन शेरे असतात, आणि ते नीट वाचले पाहिजेत. याच्या पिल्लांची नोंद होणार नाही, हा एक. परदेशी पाठवण्यासाठी वंशावळ दिली जाणार नाही, हा दुसरा. ब्रीडर हे शेरे पुढे उठवू शकते. हा अविश्वास नसतो. सगळे डँडी एका ओल्ड जिंजरचे वंशज, मधे युद्धाने मोडलेला वंश, आणि आजची संख्या एवढी थोडी. अशा जातीत कुणी हौसेखातर घरच्या घरी जवळच्या नात्यात जोडी लावली तर दोष साचत जातात. म्हणून कुठल्या नराला कुठली मादी हे जाणते ब्रीडर वंशावळी समोर ठेवून ठरवतात, प्रसंगी देशाबाहेरून नवं रक्त आणतात. उलटंही घडतं. तपासण्यांत उत्तम निघालेला, स्वभावाने गोड असा नर एखाद्या कुटुंबाच्या घरात नुसता पाळीव म्हणून लोळत असतो, आणि दोन वर्षांनी ब्रीडरचा फोन येतो: एका वेतासाठी द्याल का? हो म्हणणाऱ्या कुटुंबाचा कुत्रा त्या यादीतल्या आकड्यात पाच-सहांची भर घालतो. शंभरात पाच म्हणजे थोडं नव्हे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही वाट मोकळी आहे, आणि संयुक्त घरात, जिथे दिवसभर कुणी ना कुणी असतं, डँडी फार रमेल. भारतात आणण्याचा विचार करणाऱ्यांनी मात्र थांबावं. कागदपत्रं, ॲनिमल क्वारंटाइन विभागाचा ना-हरकत दाखला, विमानाचा प्रवास हे सगळं पार पडलं तरी दुहेरी केसांच्या या थंड मुलखातल्या जिवाला मुंबईचा मे किंवा विदर्भाचा उन्हाळा सोसायला लावणं बरं नाही. त्याचे केस उपटणारा, त्याच्या डोळ्यांची ती खास तपासणी करणारा माणूस जवळपास मिळणंही कठीण. कागद आणि आई पाहण्याचा हट्ट मात्र इकडे कुठलीही जात घेताना धरावा: भारताच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा दाखला आणि पिल्लाची आई, दोन्ही दाखवा असं विचारणारे ग्राहक वाढले तर अंधाऱ्या खोल्यांतले पिंजरे कमी होतील.

ब्रीडरशी होणाऱ्या करारात सहसा आणखी एक कलम असतं. काहीही कारणाने, कितीही वर्षांनी हा कुत्रा ठेवणं अशक्य झालं तर तो दुसऱ्या कुणाला न देता आधी आमच्याकडे परत आणायचा. त्या कलमाखाली सही होते, आईच्या अंगाचा वास लागलेला फडक्याचा तुकडा पिशवीत घातला जातो, पहिल्या आठवड्याच्या खाण्याची पुडी, केसांचा कंगवा, फोन नंबर लिहिलेला कागद. गाडीत मागच्या सीटवर मुलाच्या मांडीवर ते काळं पिल्लू झोपून जातं. पुढचं वर्षभर दर महिन्याला ब्रीडरच्या फोनवर फोटो जात राहतात: पंजे फिके झाले, पाठीवर पहिली राखाडी रेघ आली, आणि आज सकाळी उन्हात पाहिलं तर कपाळावर चार पांढरे केस उभे राहिलेत.